कच्चा डाग

दादा त्याला डाग्या म्हणायचा आणि मग सगळेच म्हणायला लागले. धाकट्या भावाचं काम डाग देण्याचं. सोल्डर गन तापवायची, शिशाचा थेंब पाडायचा, तार पिनेला पक्की बसवायची. आणि दादा कुणाही नव्या माणसाशी ओळख करून देताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "हा आमच्या घराण्याला लागलेला डाग!" लोक हसायचे. डाग्याही हसायचा. सुरुवातीला त्याला खरंच हसू यायचं, मग सवयीनं यायला लागलं, आणि अलीकडे तर हसताना त्याच्या दाढा एकमेकींवर गच्च दाबल्या जायच्या. पण ते बाहेरून कुणाला दिसणार?

दादा गिटारवाला. तोही साधासुधा नव्हे, बाईंच्या ताफ्यातला. बाई म्हणजे गाणाऱ्या बाई. त्यांचा कार्यक्रम लागला की तिकीट मिळवायला लोक ओळखीपाळखी काढायचे. तेव्हा त्यांच्या ताफ्यातली गिटारची खुर्ची म्हणजे त्या धंद्यातली वरची खुर्ची, आणि दादा तिच्यावर वर्षानुवर्षं मांडी ठोकून बसलेला. डाग्यालाही गिटार येत होती. अहो, येत होती म्हणजे काय, चांगली येत होती! बाईंचं एकूणएक गाणं त्याच्या बोटांत बसलेलं होतं. पण विचारतो कोण? ताफ्यात त्याचं काम एकच, दादाचा बोर्ड सांभाळणं.

हा बोर्ड म्हणजे गिटारवाल्याच्या पायाशी असते ती फळी. तिच्यावर ओळीनं लोखंडी डब्या बसवलेल्या. एक आवाज फाडते, एक घुमवते, एक त्याचा प्रतिध्वनी काढते. गिटारचा आवाज या डबीतून त्या डबीत जातो आणि शेवटी स्पीकरला पोचतो. या डब्या एकमेकींना जोडायला ज्या वीतभर, बोटभर वायरी लागतात त्या पॅच केबल. दिसायला क्षुल्लक. पण त्यातली एक जरी रुसली तरी पुढचं सगळं मुकं होतं, नाहीतर खरखरतं. त्या वायरी डाग्या करायचा. कापायचा, सोलायचा, डाग द्यायचा, आणि मग दादा आवाज लावायला बसला की त्याच्यासमोर बसायचा.

हे समोर बसणं मात्र डाग्याच्या फार डोक्यात जायचं. "समोर बस," दादा म्हणायचा. बाजूला नाही, मागे नाही, समोर. स्टूल ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल असं. पाणी प्यायला उठला तरी दादाचा हात थांबायचा. "कुठं चाललास? बस." ताफ्यातला ड्रमवाला एकदा म्हणालाही, "दादा, त्याला पट्टा बांधा गळ्यात." त्यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल, तर दादा.

तर आता झालं असं की बाईंचा मोठा दौरा ठरला. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होणार होतं, आणि त्यासाठी बाईंनी नवा साउंडवाला आणला होता. पोरगेलासा, हळू बोलणारा, पण कामात पक्का. त्यानं पहिल्याच दिवशी दादाच्या बोर्डाशी वाकून ऐकलं आणि सांगितलं, "दादा, पॅच केबल सगळ्या बदलाव्या लागतील. जुन्या झाल्यात, रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण येईल." दादानं नाक मुरडलं, पण बाई बाजूलाच उभ्या होत्या, म्हणून हो म्हणाला.

डाग्यानं ती वेळ साधली. दौरा मोठा आहे, बाईंना आणखी एक गिटार लागेलच, असं त्याच्या मनात कितीतरी दिवस घोळत होतं. तो सगळ्यांसमोर, जरा अडखळतच, म्हणाला, "दादा, बाईंना सांग ना माझं. दुसरी गिटार मी वाजवतो."

दादानं त्याच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहून डोळे मिचकावले. "याला गिटार वाजवायचीय! अरे, तुला कान आहेत का? तुझ्या डोक्याला दोन बाजूंनी खुंट्या आहेत नुसत्या, चष्म्याच्या काड्या अडकवायला. आणि तू वाजवायला बसलास तर डाग कोण देणार?"

बाई हसल्या नाहीत, पण हसू दाबलं हे डाग्याला दिसलं. तेवढं पुरे झालं. त्या दिवसापासून डाग्याला दुसरी गिटार नकोच झाली. त्याला पहिली हवी होती. दादाची खुर्ची हवी होती, आणि ती दादाच्या बुडाखालूनच काढून घ्यायची होती.

आता हवं असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. पण नशीब कधीकधी अशा माणसावर मेहेरबान होतं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. चारच दिवसांत डाग्याच्या हाताला ती गोष्ट लागली, आणि लागली कुठं, तर दादाच्या स्वयंपाकघरात.

दुपारची वेळ. डाग्या टेबलावर बोर्ड उलटा टाकून मापं घेत होता. दादा फ्रिज उघडून उभा, हातात बाटली, आणि तोंड चालू. साउंडवाल्याला काही कळत नाही, आजकालची पोरं कानानं नाही, स्क्रीनवर बघून ऐकतात, वगैरे वगैरे. फ्रिजचं दार उघडंच. थोड्या वेळानं फ्रिज वाजायला लागला. टीं टीं टीं, बारीक, चिरका, डोक्यात जाणारा आवाज. दादा बोलतोय. फ्रिज वाजतोय. दादा फ्रिजला टेकून घोट घेतोय आणि पुन्हा बोलतोय. डाग्याला वाटलं, लावेल आता दार, लावेल. छे! तेवढ्यात वहिनी आतून आली, दादाच्या हाताखालून वाकून दार लावलं, आणि एक अक्षर न बोलता डाग्याकडे बघितलं. मग नजर वळवली आणि निघून गेली.

डाग्याच्या हातातली पट्टी तशीच राहिली. वडिलांचे कान असेच गेले होते. आधी बारीक आवाज गेले, घंटी, पक्षी, बायकांचं बोलणं, आणि शेवटी शेवटी तर टीव्ही एवढा मोठा लावायचे की शेजारी भांडायला येत. दादाला ती टीं टीं ऐकू येत नव्हती! कानांचा एवढा तोरा मिरवणाऱ्या दादाला! आणि वहिनीला हे माहीत होतं.

मग याला आवाज लावता येतो कसा? हा प्रश्न डाग्याला तासभर छळत होता, आणि उत्तर त्याच्याच तोंडात होतं. अगदी शब्दशः. दादा आवाज लावायला बसला, "समोर बस" म्हणाला, डाग्या बसला. दादानं एक बटण फिरवलं, तार छेडली. आवाज छान होता. पण डाग्या काहीतरी चघळत होता आणि नेमकी त्याच क्षणी जीभ दाताखाली आली. कळ मस्तकात गेली, डावी भुवई वर चढली. दादाचा हात झटकन बटणावर. "नाही, नाही, फार टोचतंय." आणि त्यानं चांगला लागलेला आवाज बिघडवून ठेवला.

डाग्या जीभ चोळायची विसरला. त्यानं हळूच, मुद्दाम, ओठाचा कोपरा खाली ओढला. दादानं बटण उलटं फिरवलं. डाग्यानं डोळे अर्धे मिटून मान हलवली. दादा म्हणाला, "हां! आता कसं?" आणि खूष झाला.

समोर बस, समोर बस! इतकी वर्षं डाग्याला वाटत होतं की दादा त्याला पायाशी बसवतो. आणि दादा त्याच्या चेहऱ्यावरून ऐकत होता. दादाचे कान डाग्याच्या भुवईत होते. दुसरा एखादा असता तर त्याला वाईट वाटलं असतं. म्हणाला असता, अरे दादा, सांगायचंस ना, मी काय परका आहे? डाग्याला तसलं काही वाटलं नाही. त्यानं ती सगळी दुपार भावाला भुवईच्या दोरीवर नाचवलं. भुवई वर, बटण डावीकडे. भुवई खाली, बटण उजवीकडे. शेवटी दादा घामाघूम झाला, म्हणाला, "आज काही जमत नाही बुवा." डाग्या म्हणाला, "होतं असं दादा, हवेचा परिणाम." आणि घरी जाताना रस्त्यात एकटाच हसला. या खेपेला दाढा दाबाव्या लागल्या नाहीत.

पुढचं घोडं दादानंच दामटलं. केबल कुठल्या घ्यायच्या यावर चर्चा सुरू झाली. साउंडवाला म्हणाला, कंपनीच्या तयार केबल घ्या, डोळे झाकून. ड्रमवाला म्हणाला, हल्ली त्या स्क्रूच्या येतात, हव्या तेवढ्या कापा, पिनेत घाला आणि पिळा, डाग द्यायची भानगडच नाही. डाग्या म्हणाला, मी हातानं करून देतो, बोर्डाच्या मापाच्या. झालं, वाद पेटला. तेव्हा दादा खुर्चीवर रेलून म्हणाला, "कशाला भांडता? तिन्ही आणा. बोर्डासमोर पुठ्ठा उभा करा, कुठली लावलीय ते मला दिसायला नको. मी वाजवतो आणि कानानं सांगतो. बाईंनाही बोलवा." मग डाग्याकडे वळून, "तू समोर बस म्हणजे झालं."

"बसतो की," डाग्या म्हणाला.

त्यानं दोन दिवस खपून केबल केल्या. आणि केल्या अशा की बघत राहावं. पॅच केबलच्या पोटात दोन वाटा असतात. मधली बारीक तार आवाज नेते, आणि तिच्याभोवती विणलेली तांब्याची जाळी बाहेरची घाण आत येऊ देत नाही. डाग्यानं सगळ्या केबलच्या दोन्ही वाटांना आरशासारखे चकचकीत डाग दिले. एकच सोडून. प्रतिध्वनीच्या डबीला लागणारी जी केबल, तिच्या एका टोकाला त्यानं गन पुरती तापू दिली नाही. शिसं पाडलं, ते जाळीवर बसलं, पण जाळीला धरलं नाही. त्याला कच्चा डाग म्हणतात. दिसायला डाग, पण राखाडी, मेलेला. वरून पिनेचं टोपण पिळलं की तोही दिसत नाही.

अशा केबलमधून आवाज बंद पडत नाही, कारण सगळ्या डब्या एकाच वीजपुरवठ्यावर असतात आणि आवाजाला परतायला ती दुसरी वाट सापडते. पण येताना तो प्रतिध्वनीच्या डबीच्या पोटात सतत चालू असते ती शीळ बरोबर घेऊन येतो. बारीक, न थांबणारी शीळ, उशाशी डास आल्यासारखी. डाग्यानं बोर्ड घरी आणून ती लावून बघितली. मग आरसा समोर ठेवला, शीळ चालू ठेवली आणि चेहऱ्याचा रियाज केला. पहिल्यांदा भुवई वर गेलीच. पुन्हा. पुन्हा गेली. कान आणि भुवई यांचं जन्माचं नातं, ते तोडायला वेळ लागतो. पण संध्याकाळ होईपर्यंत त्या चिरक्या आवाजात डाग्या असा मान डोलवायला लागला की कुणाला वाटावं, हा अंगाई ऐकतोय.

ठरल्या दिवशी तालमीच्या हॉलमध्ये सगळे जमले. बाई खुर्ची ओढून भिंतीशी बसल्या. ड्रमवाला आपल्या ढोलांमागे हाताची घडी घालून. साउंडवाला पुठ्ठ्यामागे जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात केबलच्या तीन पिशव्या. मधोमध दादा, मांडीवर गिटार, आणि त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, डाग्या.

पहिली लागली ती कंपनीची. दादानं वाजवलं. आवाज चांगला होता, नितळ होता. डाग्यानं ओठाचा कोपरा किंचित खाली नेला.

"अं हं," दादा म्हणाला. "जाड आहे. घोंगडी टाकल्यासारखा वाटतोय."

साउंडवाल्यानं पुठ्ठ्यावरून मान वर काढली आणि बाईंकडे बघितलं. बाईंच्या कपाळावर बारीक आठी पडली.

दुसरी, स्क्रूची. तीही बरी होती. डाग्यानं डावी भुवई केसभर उचलली.

"टोचतोय. बाजूला ठेवा ही," दादा म्हणाला. "बाई, तुम्हाला ऐकू येतंय ना मी काय म्हणतो ते? कान लागतात याला. मशिनचं काम नाही."

मग तिसरी. साउंडवाल्यानं केबल लावली, आणि दादानं तारेला हात लावायच्या आधीच ती शीळ हॉलभर पसरली. ड्रमवाल्याच्या हाताची घडी सुटली. बाईंनी मान वळवून स्पीकरकडे बघितलं. साउंडवाल्याचा हात केबल काढायला पुढे झाला, पण दादानं वाजवायला सुरुवात केली होती, म्हणून तो थांबला.

डाग्यानं डोळे अर्धे मिटले. खालचा ओठ जरा पुढे काढला, एखादी गोष्ट जिभेवर घोळवावी तसा. आणि मान डोलवली. हळू, मनापासून.

दादाचा चेहरा असा काही उजळला! त्या दिवशी त्याला चेहऱ्यावरून काहीच धड मिळत नव्हतं, नुसत्या आठ्या आणि वाकडे ओठ. आता एकदम एवढं सुख समोर दिसल्यावर तो पोरासारखा वाजवायला लागला. वरच्या पट्टीत गेला, खाली आला, बाईंच्या लाडक्या गाण्याचा तुकडा घेतला. मग एकदम तळहात तारांवर ठेवून थांबला. हॉलमध्ये शीळ तेवढी राहिली.

"ऐका," दादा कुजबुजला. बोट वर धरलं. "ही शांतता ऐका. काही म्हणजे काही नाही. किती स्वच्छ!"

शीळ वाजत होती आणि दादा तिच्या मधोमध बोट वर धरून बसला होता. ड्रमवाल्यानं मान खाली घातली. हा तोच ड्रमवाला, पट्ट्याचा विनोद करणारा, पण त्यालासुद्धा बघवेना. डाग्याला बघवत होतं.

आणि मग दादानं जे केलं त्याची तयारी डाग्यानं आरशासमोर केली नव्हती. दादानं पुढे वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ही डाग्याची आहे," तो म्हणाला. "पुठ्ठा काढू नका, मला कळलं. बाई, ऐका, आज सांगतो. मी याची आयुष्यभर चेष्टा केली. पण याच्यासारखा हात मी कुठं बघितला नाही. हा नसता तर मी या खुर्चीवर नसतो. त्या दिवशी यानं दुसऱ्या गिटारचं विचारलं तेव्हा मी याला कान नाहीत म्हणालो, ते वाईट बोललो. याला दुसरी गिटार द्या, बाई. मी सांगतो म्हणून द्या."

जे ऐकायला डाग्या जन्मभर झुरला, ते त्यानं असं ऐकलं, शिळेच्या आवाजात. त्याच्या मानेचं डोलणं थांबायला हवं होतं. पण चेहऱ्याला एवढी सवय लावलेली, की ती मान आपली हलतच राहिली.

बाई उठल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि म्हणूनच वाईट. "दादा, तुम्हाला शीळ ऐकू येत नाही?"

"कसली शीळ?" दादानं विचारलं, आणि बाईंकडे नाही, डाग्याकडे बघितलं.

साउंडवाल्यानं केबल उपटली. शीळ बंद झाली. आपल्याला ऐकू न येणारी गोष्ट बंद झाली, हे दादाला सगळ्यांच्या सुटलेल्या खांद्यांवरून कळलं. तो इकडून तिकडे प्रत्येकाचा चेहरा वाचत गेला, आणि प्रत्येकानं तो फिरवून घेतला.

"केबल काय, बदलता येते, दादा," बाई म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. दादानं गिटार पेटीत ठेवली, पेटीची खिटी त्याला एका फटक्यात लागेना, ती तशीच उघडी ठेवून तो बाहेर गेला.

साउंडवाल्यानं पिनेचं टोपण पिळून काढलं होतं. तो राखाडी, कच्चा डाग त्यानं उजेडात धरला, बाईंनाही दिसेल असा. "हा तू दिलास?"

"घाई झाली," डाग्या म्हणाला.

"बाकीचे तर असे नाहीत," साउंडवाला म्हणाला. त्यानं ती केबल खिशात टाकली आणि पुन्हा विषय काढला नाही.

दाराशी बाईंनी डाग्याला गाठलं. त्यांचे डोळे ओले होते, पण दौरा तोंडावर होता आणि धंदा तो धंदा. "तुला सगळी गाणी येतात ना रे? उद्या गिटार घेऊन ये. बघू." डाग्या हो म्हणाला. जिन्यावरून उतरताना त्याला वाटलं होतं तितका आनंद झाला नाही, पण झाला. खोटं कशाला बोला? चांगलाच झाला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भावजी, ह्यांनी बोलावलंय. लगेच या." आवाज सपाट. डाग्याला वाटलं, जाऊन येऊ. दोन शब्द सांत्वनाचे बोलावे, चहा घ्यावा, मोकळं व्हावं.

दादा स्वयंपाकघरातच बसला होता, टेबलाशी. बोर्ड जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेला. वहिनी ओट्याला पाठ लावून उभी.

"समोर बस," दादा म्हणाला.

डाग्या बसला. दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. रागानं नाही. गिटारचा आवाज लावताना बघायचा ना, तसं.

"माझे कान गेलेत," दादा म्हणाला. "वर्षं झाली. हिला माहीत आहे. तुला सांगायची लाज वाटायची. मी तुझ्या तोंडाकडे बघून चालवून नेत होतो. तुला कधी कळलं नसेल."

"नाही दादा," डाग्या म्हणाला.

"मग एक सांग. ती शीळ. सगळ्यांना ऐकू आली. तू तर मान डोलवत होतास." दादा जरा पुढे वाकला. "तुला ऐकू आली का?"

आता बघा कसं कोंडीत सापडतं माणूस. आली म्हणावं, तर डोलवलेल्या मानेचं काय? आपल्या हातानं भावाचा गळा कापला, असं त्याच्या बायकोसमोर, त्याच्याच टेबलावर बसून कबूल करायचं? डाग्यानं वहिनीकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. तोंडातून आपोआप निघालं, "नाही. खरंच नाही, दादा. मला तर स्वच्छच वाटला आवाज."

"खरं?"

"आईशपथ."

दादानं सुस्कारा सोडला. हात लांब करून डाग्याचा गाल थोपटला. "मग तुझेही गेले रे," तो म्हणाला. "बाबांचे गेले, माझे गेले, आता तुझे. रक्तातच आहे आपल्या."

आणि डाग्या काही बोलायच्या आत त्यानं फोन उचलला, बाईंचा नंबर लावला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला, आवाज मोठा करून.

"बाई, दादा बोलतोय. नाही, नाही, तुमचं बरोबर आहे, माझी काही तक्रार नाही. माझे कान गेलेत, मीच आधी सांगायला हवं होतं. पण बाई, फोन माझ्यासाठी केला नाही. माझ्या भावासाठी केला. त्यालाही ती शीळ ऐकू आली नाही. आत्ता माझ्यासमोर बसलाय, शपथेवर सांगतोय. आमच्या घरातच आहे हे. त्याला आज कळलं. त्याला दौऱ्यावर नेऊन लोकांत त्याची फजिती करू नका. माझी झाली तेवढी पुरे."

फोनमधून बाईंचा आवाज आला. "मला खटकलंच होतं, दादा. एवढी शीळ चालू आणि हा मान डोलवतोय. अरेरे. केबलचा डाग कच्चा राहिला, पण शीळच ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला स्वतःलाही कळलं नसेल. बरं झालं सांगितलंत. त्याला म्हणावं, उद्या येऊ नकोस, जिवाला लावून घेऊ नकोस. मी दुसरं कुणी बघते."

डाग्यानं तोंड उघडलं. एकच वाक्य पुरलं असतं. मला ऐकू येतं, बाई, मी मुद्दाम केलं. पण ते वाक्य बोलून जी खुर्ची मिळाली असती तिच्यावर त्याला कुणी बसू दिलं असतं? त्यानं तोंड मिटलं. फोन बंद झाला.

वहिनीनं फ्रिज उघडला, बाटली काढली, पेल्यात पाणी ओतून डाग्यासमोर ठेवलं आणि पुन्हा ओट्याला टेकून उभी राहिली. फ्रिजचं दार तसंच उघडं. डाग्याला ते दिसत होतं. त्यानं पेला उचलला आणि वाट बघू लागला. त्याला माहीत होतं आता काय होणार ते, आणि तो चेहरा घट्ट धरून बसला, आरशासमोर धरला होता तसा.

फ्रिज वाजायला लागला. टीं टीं टीं.

डाग्या पाणी प्यायला. पेला खाली ठेवला. टीं टीं टीं. वहिनी हलली नाही. दादा समोर, गुडघ्याला गुडघा लावून, त्याच्या तोंडाकडे बघत होता. आवाज चिरका, डोक्यात जाणारा, थांबायचं नाव नाही. आणि मग नको नको म्हणताना डाग्याची डावी भुवई हलली. केसभर, जास्त नाही.

दादा मागे रेलला.

"अगं, फ्रिजचं दार लाव," तो बायकोला म्हणाला. "वाजतंय बघ."